मोरीतले रसायनशास्त्र

नवरात्र आठ दिवसांवर आले की घरोघरी सामान जागचे हलते. माळ्यावरचे डबे खाली येतात, पंख्याच्या पात्यांवरून ओले फडके फिरते आणि देवघरातली समई, निरांजने, ताम्हण, पळी-पंचपात्र अशी सगळी उपकरणी परातीत येऊन पडतात. पूर्वी या सफाईसाठी बाजारात जावे लागत नसे. चुलीतली राख, डब्यातली जुनी चिंच, नारळाची शेंडी आणि परसातले किंवा वाण्याकडचे मूठभर रिठे एवढ्यावर घर लखलखीत होई. आता सफाईची वेगळी यादी होते. फरशीला हिरवे, काचेला निळे, संडासाला जाड निळे, नळांना आणखी कसले, भांड्यांना पिवळे, ओट्याला फवाऱ्याचे. सवड असेल तेव्हा मोरीतल्या किंवा सिंकखालच्या बाटल्या एकदा ओळीने मांडून पाहाव्यात. डझनाच्या आसपास निघाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

गंमत अशी, की या डझनभर बाटल्यांमागे औषधे मात्र चार-पाचच असतात. एक अल्कली, म्हणजे आपल्या भाषेत खार किंवा सोडा. एक आम्ल, म्हणजे आंबट. एक फेस करणारा पदार्थ. एक घासणारी भरड पूड. आणि एक ब्लीच. बाकी रंग, वास आणि पाणी. काच पुसायच्या निळ्या द्रवात तर बहुतांशी पाणीच असते. ही चार-पाच औषधे ओळखता आली, की कुठल्या मळाला कोणते लावायचे हे पाठ करावे लागत नाही, ते आपोआप सुचते. तेलकटाला खार, पांढऱ्या क्षाराला आणि गंजाला आंबट. एवढे सूत्र पुरे आहे.

आपल्या आज्यांना हे सूत्र माहीत होते, फक्त त्यांनी त्याला नाव दिले नव्हते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ‘पोटॅश’ हा इंग्रजी शब्दच मुळी राख भांड्यात उकळण्यावरून पडला. ओल्या राखेने तेलकट कढई घासली की खार तेलकटाला सोडवतो, थोडाफार साबणही तिथल्या तिथे होतो, आणि राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात. एकाच मुठीत तीन औषधे! गॅस आला आणि राख गेली. तिची हळहळ करण्यात अर्थ नाही, कारण चुलीबरोबर बायकांच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूरही गेला. राखेच्या जागी काय आले ते पाहू.

राखेच्या जागी सोडा आला. इथे एक घोटाळा आधी निस्तरायला हवा. वाण्याकडे दोन सोडे मिळतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो सौम्य, ढोकळ्यात घालायचा. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो चांगलाच तिखट, हाताची कातडी सोलणारा. दोन्ही पांढरे, दोन्ही स्वस्त, आणि दोन्ही एकाच फळीवर एकसारख्या डब्यांत ठेवले तर एखाद्या दिवशी ढोकळ्यात धुण्याचा सोडा पडायला वेळ लागणार नाही. म्हणून धुण्याच्या सोड्याचा डबा स्वयंपाकघरात ठेवूच नये. तो न्हाणीघरात, वरच्या फळीवर, नाव लिहून ठेवावा.

खाण्याच्या सोड्याची कामे घरातल्या घरात मोजता येणार नाहीत इतकी. दूध लागलेले स्टीलचे पातेले असेल तर त्यात तळ बुडेल एवढे पाणी आणि दोन चमचे सोडा घालून पाच-सात मिनिटे उकळू द्यावे आणि तसेच रात्रभर ठेवावे. सकाळी करपलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. चहाच्या कपांतली तपकिरी वर्तुळे ओल्या सोड्याने बोटानेच जातात. फ्रीजला आंबूस वास येत असेल तर कोमट पाण्यात सोडा घालून आतून पुसावे. धुण्याचा सोडा हा मोठ्या कामाचा: गॅसच्या शेगडीच्या चिकट जाळ्या, चिमणीची तेल पिऊन जड झालेली जाळी, एक्झॉस्ट फॅनची पाती. जाळी स्टीलची किंवा लोखंडाची असेल तर बादलीभर गरम पाण्यात मूठभर सोडा घालून तासभर बुडवून ठेवावी. हातात रबरी मोजे हवेत. सिंकमधून पाणी सावकाश जात असेल आणि कारण तेलकट असेल तर वाटीभर धुण्याचा सोडा टाकून वर गरम पाणी ओतावे. पाइप प्लॅस्टिकचा असल्यास पाणी उकळते नको, कढत असले तरी पुरते.

मात्र अल्युमिनियमला सोडा लावू नये. खार अल्युमिनियमला खातो, भांडे काळे पडते. चिमणीच्या काही जाळ्या अल्युमिनियमच्या असतात, तेव्हा आधी खात्री करून घ्यावी. कुकर आतून काळा पडतो त्यावरही उपाय आंबटाचाच. कुकरच्या तळच्या पाण्यात पिळून झालेली लिंबाची फोड किंवा चिंचेचे बुटुक टाकले की काळेपणा धरत नाही. हे बहुतेक घरांत ठाऊक असते. तरीही पिळलेली लिंबे केरात जातात ती जातातच.

आता आंबटाकडे वळू. तांब्या-पितळेवर हवेने काळपट-हिरवट थर चढतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल तो थर विरघळवते, आणि मीठ घातले तर काम आणखी भरभर होते. कोकणात याच कामाला आमसुलाचे पाणी वापरतात, देशावर चिंच, तर काही घरांत आंबट ताक. जिथे जे पिकते ते. तांब्याचा बंब किंवा घंगाळ अजून कुणाकडे असेल त्यांना हे सांगायला नकोच. एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. आंबट लावल्यावर भांडे लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने खडखडीत पुसले पाहिजे. नाही तर दोन दिवसांत त्यावर हिरवे ठिपके उमटतात आणि चिंचेला दोष लागतो. पुसल्यावर कोरड्या रांगोळीचा हात फिरवला तर चकाकी जास्त दिवस टिकते. कल्हई केलेल्या पातेल्याला आतून चिंच-मीठ घासू नये. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, तो निघून गेला की आंबट वरण थेट पितळेत शिजते. नवसागराचा धूर काढत दारोदार फिरणारे कल्हईवाले आता शोधावे लागतात, तेव्हा असलेली कल्हई जपावी हे बरे.

चांदीचे काम वेगळे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. तिथे घासण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे आणि ती मुलांना दाखवण्यासारखी आहे. पातेल्यात अल्युमिनियमची फॉइल पसरावी, तिच्यावर चांदीची वाटी किंवा निरांजन टेकेल असे ठेवावे, लिटरभर कढत पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि छोटा चमचा मीठ विरघळवून वर ओतावे. काही मिनिटांत चांदीवरचा गंधक अल्युमिनियमकडे जातो, काळेपणा उतरतो आणि चांदी झिजत नाही. पावडरीने घासताना दर वेळी थोडी चांदीच निघून जाते, ती इथे वाचते. मात्र खडे, मोती बसवलेले दागिने आणि मुद्दाम काळपट ठेवलेले नक्षीकाम या पाण्यात घालू नये.

बोअरच्या पाण्याचे गाव असेल तर नळांवर, शॉवरवर, बादलीच्या तळाला पांढरे पुटे चढतात. हा चुनखडीचा क्षार. त्यावर साबण कितीही घासला तरी हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. सायट्रिक आम्लाची पूड, जिला वाणी लिंबूफूल म्हणतो, लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे घालावी. त्यात भिजवलेले फडके नळाला पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवावे. संडासाच्या भांड्यात पिवळे ओघळ असतील तर रात्री तीन-चार चमचे पूड टाकून सकाळी ब्रशने घासावे. एका दिवसात जुनाट डाग जाणार नाही, आठवडाभर रोज केले तर जाईल. घाई असणाऱ्यांनी मात्र बाजारातली बाटलीच आणावी, घरगुती उपायांना वेळ ही मोठी किंमत द्यावी लागते हे लपवून उपयोग नाही.

आणि आंबटाची मोठी चूक होते ती फरशीवर. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी, कोटा किंवा कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच कुळातला. मोझेकच्या लादीतही संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असते. लिंबू, व्हिनेगर, लिंबूफूल यांपैकी काहीही त्यावर पडले की दगड विरघळतो आणि तिथे पांढुरका, कधीही न जाणारा डाग पडतो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळलेली जागा पाहावी म्हणजे पटेल. अशा फरशीला नुसते कोमट पाणी, फार तर किंचित साबण, एवढेच योग्य. ग्रॅनाइटला आणि चिनी मातीच्या टाइल्सना आंबटाने काही होत नाही.

हळदीचा डाग हे आपल्याकडचे खास दुखणे, कारण परदेशी बाटल्यांवर त्याचा उल्लेख नसतो. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली, गडबडीने साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक होतो आणि घरातले चिडून म्हणतात, अजून वाढवलास! घाबरायचे कारण नाही. हळद खार लागला की लाल होते. शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद याच कामाला वापरतात आणि पारंपरिक कुंकूही हळदीवर चुन्याची, किंवा लिंबाचा रस आणि टाकणखाराची प्रक्रिया करूनच होत असे. साबण धुऊन टाकला की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. मग कपडा ओलाच कडक उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. एका दुपारी नाही गेला तर दुसऱ्या दुपारी जातो. यासाठी एक पैसा लागत नाही, फक्त गॅलरीत ऊन यावे लागते, आणि हल्लीच्या इमारतींत तेच महाग झाले आहे.

रिठ्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्याला फेस आणते आणि तेलकटाला पाण्यात मिसळायला लावते. शिकेकाईतही तेच. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात घालतात, रेशमी आणि लोकरी कपड्यांना रिठा मानवतो, कारण त्यात खार नाही. भांड्यांसाठी दहा-बारा रिठे फोडून बिया काढाव्यात, साली लिटरभर पाण्यात रात्री भिजवाव्यात, सकाळी पंधरा मिनिटे उकळून, कुस्करून, गाळून घ्यावे. हे पाणी बाहेर दोन-तीन दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. मग आंबते. पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते, हे मुलांची डोकी धुतलेल्या प्रत्येक आईला माहीत आहे. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून ते अमृत नव्हे: हेच रिठे कुटून ओढ्यात टाकून मासे मारण्याची जुनी पद्धत आहे.

खरे सांगायचे तर रिठ्याच्या पाण्याने चहाचे कप, ताटे-वाट्या छान निघतात, पण तळणाची कढई किंवा मटणाचे पातेले निघत नाही. आधी कागदाने तेल पुसून, गरम पाणी आणि सोडा वापरला तर निघते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी ते पाणी हुंगून बाजूला ठेवले आणि ‘बाई, यानं चार घरं व्हायची न्हाईत’ असे सांगितले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. चार घरांची भांडी दुपारी एकच्या आत करायची, तर फेस लवकर आणि खरकटे लवकर जायला हवे. घरगुती उपायांवर लिहिणाऱ्यांनी हे हात कोणाचे आहेत ते विसरू नये. याच मावशींच्या बोटांच्या बेचक्या सोड्याच्या पावडरीने फाटलेल्या होत्या. साधा साबण, मोजे आणि कामानंतर हाताला खोबरेल, एवढ्याने त्या महिन्याभरात भरून आल्या. मोजे घालून काम सुचत नाही अशी तक्रार पहिले आठ दिवस होतीच.

कारखान्यातले सगळे वाईट आणि घरातले सगळे चांगले असा सरळ हिशेब नाहीच मुळी. 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या, 1959 मध्ये सर्फची पावडर आली, तेव्हा धुण्याचे कष्ट खरोखरच कमी झाले. आणि 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या सरकारी नोकरीतल्या रसायनतज्ज्ञाने घराच्या अंगणात पावडर कालवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, तीच पुढे निरमा झाली. म्हणजे देशातल्या धुण्याच्या पावडरींत सर्वांत गाजलेली एक पावडर मुळात घरगुतीच! तेच आता आपल्या गावोगावचे बचतगट फिनेल आणि भांड्यांचे द्रव यांच्या रूपाने करतात. मात्र तयार अर्क आणून त्यात पाणी कालवताना मोजे आणि मोकळी हवा हवी, आणि ते शीतपेयाच्या बाटल्यांत भरून विकू नये.

शीतपेयाच्या बाटल्यांचा विषय निघालाच आहे, तर आता गंभीर भागाकडे वळतो. रॉकेल, फिनेल, अॅसिड मोकळ्या बाटलीत भरून मोरीत ठेवण्याची सवय आपल्याकडे फार जुनी. तहानलेल्या लहान मुलाला बाटली ओळखीची वाटते. असे काही पोटात गेलेच, तर ओकारी काढायला लावू नये. जाताना जे जाळते ते येतानाही जाळते, आणि रॉकेल फुप्फुसात शिरले तर जिवावर बेतते. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धरावे, हळद-तूप लावत बसू नये. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने अॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले ते स्त्रियांवरच्या हल्ल्यांमुळे. पण घरात ते नसावे याला मोरीचे कारणही पुरेसे आहे.

दुसरा धोका मिसळण्याचा. संडास साफ करण्याच्या अनेक जाड द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यावर ‘आणखी स्वच्छ’ म्हणून ब्लीच ओतले की क्लोरिन वायू सुटतो. तोच वायू, जो एप्रिल 1915 मध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने सोडला होता. दार लावलेल्या चार बाय चारच्या न्हाणीघरात त्याला रणभूमी लागत नाही. लिंबू किंवा व्हिनेगरही ब्लीचमध्ये चालत नाही. अमोनिया असलेले काचेचे द्रव ब्लीचमध्ये पडले तर दुसरा विषारी वायू होतो. खोकला आला, डोळे चुरचुरले, तर बादली-ब्रश तिथेच टाकून बाहेर यावे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले तर मात्र काही बिघडत नाही आणि फारसे काही घडतही नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत तो फसफसणारा फेस पाहून लोक थक्क होतात. पण खार आणि आंबट एकमेकांना मारून टाकतात, फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरते ते जवळजवळ मिठाचे पाणी. दोन्ही औषधे वाया. आधी सोड्याने तेलकट काढावे, धुवावे, मग वाटल्यास आंबटाचा हात द्यावा.

तसेच ते ‘बायो एन्झाइम’. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी प्लॅस्टिकच्या बरणीत तीन महिने आंबवायचे. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यायचा, नाही तर बरणी फुटते. जे तयार होते ते बरेचसे सौम्य, सुवासिक व्हिनेगर. टाइल्सच्या फरशीला चांगले, साली वाया जात नाहीत हा फायदा मोठा. त्याने नद्या शुद्ध होतात वगैरे जे सांगितले जाते ते सोडून द्यावे. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना लोकांनी पाहिला, तो कारखान्यांच्या आणि गटारांच्या न गाळलेल्या पाण्याचा. आपल्या घरातली पावडर त्यात थोडी भर घालते. ती भर कमी करता येते, पण बाटलीभर आंबवणाने नदीचा प्रश्न सुटणार नाही.

एवढे करूनही एक काम घरच्या कपाटातून होत नाही: जंतू मारण्याचे. सोडा, व्हिनेगर, रिठा यांच्यावर त्यासाठी भरवसा ठेवू नये. घरात जुलाब-उलट्यांचे आजारपण असेल तर आधी साबणाने जागा धुऊन मग ब्लीचच वापरावे. 2020 च्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांसाठी 0.1 टक्के प्रमाण सांगितले होते. बाटलीवर 5 टक्के लिहिले असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिलीलिटर, म्हणजे चार छोटे चमचे. रोजच्या रोज ताजे करावे, एकटेच वापरावे, खिडकी उघडी ठेवून.

काचांचे राहिले. एक भाग व्हिनेगर, तीन-चार भाग पाणी, आणि पुसायला चुरगाळलेला वर्तमानपत्राचा कागद. ही पुरवणी त्याला उत्तम, वाचून झाल्यावर.